कट मारल्यावर संवेग वाढला : नववीच्या एका प्रयोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातली मराठी माध्यमाची शाळा, नववीचा वर्ग, पटावर 38 मुलं. विज्ञान मी शिकवते. 'गतीचे नियम' या पाठातला संवेग (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्यतेचा सिद्धांत शिकवून झाला होता आणि चाचणीही झाली होती. दोन वस्तूंवर बाहेरचं बल नसेल, तर टकरीआधीचा एकूण संवेग आणि टकरीनंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो, हे विधान बहुतेकांना तोंडपाठ होतं. m₁u₁ + m₂u₂ = m₁v₁ + m₂v₂ हे सूत्र तर फळा न बघताही लिहीत. गणितंही बरोबर येत होती. मी खूश होते. मागे वळून बघताना या प्रकरणाची सुरुवात मला त्या खुशीपाशीच दिसते.

विज्ञान प्रदर्शनासाठी एका गटाने, दोन मुली आणि दोन मुलगे, 'कॅरमच्या साहाय्याने संवेग अक्षय्यतेचा पडताळा' हा विषय घेतला. कल्पना त्यांचीच होती आणि चांगली होती. शाळेत ट्रॉल्या नाहीत, हवेवर तरंगणारी पट्टी तर फक्त चित्रात बघायची. कॅरमबोर्ड मात्र घरोघरी असतो. पावडर टाकली की घर्षण कमी, सोंगट्या सगळ्या एकसारख्या, आणि मुलांचा हात बसलेला. स्पर्धेच्या नियमात स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा आणि सोंगटी 5 ते 5.5 ग्रॅमची असते. यांनी आपली जोडी बाजारातल्या सराफाच्या काट्यावर तोलून आणली. स्ट्रायकर 15.02, सोंगटी 5.04. हिशोबाला 15 आणि 5 धरले.

एकाच्या घरच्या गच्चीवर, भर उन्हात, दोन स्टुलांवर फळी टाकून बोर्डाच्या बरोबर वर भावाचा फोन उपडा ठेवला. फोन सेकंदाला 240 फ्रेम टिपणारा. ऊन मुद्दाम निवडलं होतं, कारण उजेड भरपूर असला की चित्र कमी फरफटतं. गटातल्या एकीने आईच्या पाकिटातल्या लाल टिकल्या स्ट्रायकरच्या आणि सोंगटीच्या मधोमध चिकटवल्या. टिकली 6 फ्रेममध्ये, म्हणजे 0.025 सेकंदात किती सरकली ते मोजायचं, वेग काढायचा, वस्तुमानाने गुणायचं. कॅमेऱ्यात मोजपट्टी दिसेल अशी बोर्डाच्या कडेला ठेवली होती. नववीच्या मुलांनी स्वतः बसवलेली ही पद्धत बघून मला आजही कौतुक वाटतं.

एक सूचना. पुढे सगळीकडे संवेग 'ग्रॅम × मीटर प्रति सेकंद' या एककात दिला आहे. किलोग्रॅममध्ये लिहिलं की दशांशचिन्हापुढची शून्यंच मोजत बसावं लागतं.

अडचण कुठे उघडी पडली

प्रदर्शनाला आठ दिवस असताना गटाने वही तपासायला दिली. पाच वाचनांचा सुबक तक्ता होता. टकरीआधी 18.0, टकरीनंतर 18.0. पाचही ओळींत तेच. खाली निष्कर्ष: 'यावरून संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत सिद्ध होतो.'

पहिल्या नजरेत मी 'छान' लिहायला पेन उघडलं होतं. मग दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे कुठलाही हात पाच वेळा स्ट्रायकर अगदी सारख्याच वेगाने सोडू शकत नाही. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्यालाही ते जमणार नाही. दुसरी गोष्ट हिशोबाची. 0.025 सेकंदात टिकली किती सरकली हे मोजताना पट्टीवर नुसत्या 1 मिलिमीटरची चूक झाली, तर वेगात 0.04 मीटर प्रति सेकंदाचा फरक पडतो आणि स्ट्रायकरच्या संवेगात 0.6 चा. म्हणजे 18.0 च्या जागी 17.4 किंवा 18.6 येणं हीच इथली रीत आहे. पाचपैकी पाच वेळा दशांशापर्यंत तंतोतंत जुळणं या पट्टीला शक्यच नव्हतं.

मी रागावले नाही. म्हटलं, "कच्ची वही आणा बरं."

कच्ची वही यायला दुसरा दिवस उजाडला. मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले खरे आकडे होते. 18.0 चे 20.1 झाले होते. 16.2 चे 17.9. 21.6 चे 24.3. 15.0 चे 16.4. आणि एकच ओळ उलटी: 18.6 चे 18.1.

टिकल्या लावणारी मुलगी खाली मान घालून म्हणाली, "बाई, आम्ही तीनदा मोजलं. जास्तच येतंय. मग पुस्तकासारखं केलं."

इथे माझ्या तोंडून जे निघालं, ते लिहायला लाज वाटते, पण प्रकरण सांगायचं तर ते वगळता येणार नाही. मी म्हणाले, "घर्षण असतं ना गं, थोडा फरक पडणारच." वीस वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की ते आपोआप बाहेर पडतं. प्रयोग जुळला नाही की घर्षण, हवेचा विरोध, मानवी चूक. तिघांपैकी कुणाच्या तरी माथी मारायचं आणि पुढे जायचं.

त्यावर गटातला एक मुलगा, जो वर्गात क्वचितच बोलतो, तो म्हणाला, "पण बाई, घर्षणानं कमी होईल. वाढेल कसं?"

त्याचं बरोबर होतं. पाचपैकी चार वेळा संवेग वाढला होता, आणि वाढ घर्षणाच्या खात्यावर टाकता येत नाही.

समोरचे पर्याय

त्या दुपारी स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट दोघा सहकाऱ्यांना सांगितली. एकाचं मत स्पष्ट होतं. आकडे बनवले आहेत, प्रवेशिका मागे घ्या, गटाला समज द्या. नाहीतर दहावीच्या प्रात्यक्षिकात हीच मुलं हेच करतील. दुसरीचं म्हणणं व्यवहारी होतं. आठ दिवस आहेत, मुलांना फक्त सरळ मार मारायला सांगा. स्ट्रायकर सोंगटीच्या बरोबर मध्यावर बसला की सगळं एका रेषेत घडतं, आकडे 18.6 आणि 18.1 सारखे जवळ येतात, तक्ता खराही होतो आणि शोभतोही. एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की वाढीच्या चारही ओळी कट मारलेल्या, म्हणजे सोंगटीच्या मध्यावर न मारता कडेला मारलेल्या होत्या आणि कमी भरलेली एकमेव ओळ सरळ माराची होती.

तिसरा पर्याय, म्हणजे काहीच न बोलता तक्ता तसाच जाऊ देणं, कुणी उच्चारला नाही. पण तो टेबलावर होता. शाळेचं नाव, मुख्याध्यापकांनी आधीच कळवलेली यादी, मुलांच्या पालकांनी रंगवून घेतलेला फलक. असे तक्ते प्रदर्शनांत सर्रास असतात, आणि परीक्षक एका टेबलाजवळ दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाहीत.

मला सरळ माराचा पर्याय खूप मोहात पाडत होता. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याने मुलाचा प्रश्न तसाच गाडला गेला असता. 'वाढेल कसं?' या प्रश्नाचं उत्तर न देता 'वाढणार नाही असाच प्रयोग कर' असं सांगणं म्हणजे खोट्या तक्त्यापेक्षा फार वेगळं काय? शिवाय मुलांनी चुकीचं वाचन घेतलंच नव्हतं. वाचनं उत्तम होती. चूक बेरजेत होती, आणि ती बेरीज मीच शिकवली होती.

वर्गात मी दिलेलं प्रत्येक गणित एका रेषेवरचं होतं. दोन डबे, दोन ट्रॉल्या, बंदूक आणि गोळी. बंदुकीच्या गणितात वेगाला ऋण चिन्ह येतं, तेही मुलं 'बंदूक मागे जाते म्हणून उणे' असं पाठ करून टाकतात. दिशा ही संवेगाचाच भाग आहे, नुसती उत्तराच्या पुढे लावायची खूण नाही, हे त्यांना जाणवण्याची वेळ कधी आलीच नव्हती. कॅरमच्या कटने ती आणली.

मी ठरवलं की हे पेन्सिलीतले आकडे सगळ्या वर्गासमोर मांडायचे. गटाची परवानगी मात्र आधी घेतली. दोघे तयार झाले, एक गप्प राहिली आणि एकाने विचारलं, "खोटा तक्ता पण दाखवणार?" मी म्हटलं, तो नाही. हा निर्णय बरोबर होता की नाही, यावर खाली येईनच.

काय केलं

पहिला तास वाढीच्या कोड्यावर घालवला. फळ्यावर फक्त '18.0 → 20.1' लिहिलं आणि विचारलं, नियम मोडला का? निम्म्याहून जास्त हात वर झाले. काहींना पट्टी चुकली असं वाटलं. एकाला फोनवर संशय. एकीचं म्हणणं, बोटाने दिलेला जोर टकरीनंतरही चालू राहिला असेल. ही शंका चांगली होती. व्हिडिओ थांबवून दाखवावं लागलं की टक्कर होण्याच्या कितीतरी आधी बोट स्ट्रायकरपासून सुटलेलं आहे.

मग आधी घर्षणाचा निकाल लावला. तोच स्ट्रायकर एकटा सोडलेल्या व्हिडिओत 48 फ्रेममध्ये, म्हणजे 0.2 सेकंदात, त्याचा वेग 1.20 वरून साधारण 1.00 मीटर प्रति सेकंद इतका उतरत होता. त्या हिशोबाने 6 फ्रेममध्ये घर्षण फार तर 0.4 इतका संवेग खातं. सरळ माराच्या ओळीतली 0.5 ची तूट यातून आणि पट्टीच्या चुकीतून उलगडते. पण 2.1 ची वाढ काही केल्या उलगडत नाही. इथे मी मुलांना न्यूटनची एक गोष्ट सांगितली. 1687 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने दोऱ्यांना टांगलेल्या गोळ्यांच्या टकरींचे प्रयोग दिले आहेत. दोऱ्या दहा फुटी होत्या. हवेचा विरोध त्यालाही आडवा आला. त्याने आधी गोळा एकटाच झुलवून तो हवेमुळे किती मागे पडतो ते मोजलं आणि तेवढीच दुरुस्ती हिशोबात धरली. घर्षणाचं नाव घेणं आणि घर्षण मोजणं यात किती अंतर आहे, हे मुलांआधी मलाच ऐकायची गरज होती.

दुसऱ्या तासाला प्रोजेक्टर लावला. भिंतीवर मोठा आलेख कागद चिकटवला आणि व्हिडिओ त्यावर असा पाडला की बोर्डावरचा 1 सेंटिमीटर कागदावर 5 सेंटिमीटर दिसावा. स्ट्रायकरची मूळ वाट कागदाच्या आडव्या रेषेला समांतर बसवली. टकरीचा क्षण आला की व्हिडिओ थांबवायचा, टिकलीच्या जागी पेन्सिलीने ठिपका, 6 फ्रेम पुढे, पुन्हा ठिपका. हे काम मुलंच करत होती, मी मागच्या बाकावर बसले.

बोर्डाच्या मापात ठिपके असे पडले. टकरीआधी स्ट्रायकर 3.0 सेंटिमीटर उजवीकडे. टकरीनंतर स्ट्रायकर 2.3 उजवीकडे आणि 0.7 वर. सोंगटी 2.0 उजवीकडे आणि 2.0 खाली.

गटाने पहिल्यांदा केलं होतं ते असं. तिरप्या वाटेवर पट्टी ठेवून स्ट्रायकरचं अंतर 2.4, सोंगटीचं 2.83 मोजलं. वेग 0.96 आणि 1.13. संवेग 14.4 आणि 5.7. बेरीज 20.1. प्रत्येक पायरी बरोबर, फक्त शेवटची बेरीज वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभ्या असलेल्या आकड्यांची.

मी 'सदिश बेरीज', म्हणजे दिशेसकट बेरीज, हा शब्द त्या दिवशी मुद्दाम टाळला. त्याऐवजी म्हटलं, वाण्याच्या दुकानात उधारीची दोन खाती आहेत समजा. एक उजव्या-डाव्याचं, एक वर-खालीचं. एका खात्यातली जमा दुसऱ्यात ओढायची नाही. आता टकरीआधीची शिल्लक सांगा. उजवीकडे 18.0. वर-खालीच्या खात्यात? शून्य. स्ट्रायकर सरळ येत होता, सोंगटी बसून होती.

टकरीनंतर उजवीकडचं खातं: स्ट्रायकरचे 15 × 0.92 म्हणजे 13.8, सोंगटीचे 5 × 0.80 म्हणजे 4.0. एकूण 17.8.

वर-खालीचं खातं: स्ट्रायकर वर, 15 × 0.28 म्हणजे 4.2. सोंगटी खाली, 5 × 0.80 म्हणजे 4.0.

फळ्यावर हे लिहून होईपर्यंत मागून आवाज आला, "खाल्लं की एकमेकांना!" बोलणारा तोच मुलगा होता. 4.2 वर आणि 4.0 खाली, उरले 0.2, आणि 1 मिलिमीटरच्या चुकीला 0.6 द्यावे लागतात हे तर आधीच ठरलं होतं. उजवीकडे 18.0 चे 17.8. दोन्ही खाती पट्टीच्या मर्यादेत जुळली. कुणी काही पुसलं नाही.

त्यानंतर मी त्यांना सांगितलं की तुमची चूक फार मोठ्या माणसाच्या पंगतीतली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने 1644 साली टकरींचे नियम मांडले. जगातली एकूण गती कायम राहते हे त्याने ओळखलं होतं, पण ती मोजताना त्याने वस्तूचा आकार गुणिले चाल एवढंच धरलं, दिशा सोडून दिली. त्यामुळे त्याचे टकरीचे बहुतेक नियम प्रत्यक्षाशी जुळत नव्हते. 1668 च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींचा प्रश्न हाती घेतला तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांनी आपापली उत्तरं पाठवली, आणि दिशेसकट हिशोब केला की बेरीज टिकते हे स्पष्ट झालं. मधल्या काळाचा हिशोब मुलांनीच केला, 24 वर्षं. "आम्हाला दोन दिवस लागले," असं एक जण म्हणाला, आणि मी त्याला ते म्हणू दिलं.

एक मुद्दा ठरवलेला नव्हता, तो मुलींपैकी एकीने काढला. संवेगाला दोन खाती, मग गतिज ऊर्जेलाही दोन का नाहीत? तिने घरी हिशोब करून आणला होता. टकरीआधी 10.8 मिलिज्यूल, टकरीनंतर स्ट्रायकरचे 6.9 आणि सोंगटीचे 3.2, मिळून 10.1. ऊर्जेला दिशा नसते, त्यामुळे एकीची ऊर्जा दुसरीची खाऊ शकत नाही. ती नुसती गळू शकते. गळलेले 0.7 कुठे गेले, असं विचारल्यावर तिने बोटाने बाकावर 'टक्' वाजवून दाखवलं. आवाज हा त्यातला फार छोटा भाग, बाकीचं बहुतेक उष्णतेत जातं, हे मी सांगितलं. पण तिचं उत्तर मला माझ्यापेक्षा आवडलं.

निष्पत्ती

प्रवेशिका गेली, पण तिचं नाव बदललं: 'कॅरममध्ये कट मारल्यावर संवेग कुठे जातो?' फलकावर पेन्सिलीतल्या पाच ओळी, चुकीची बेरीज आणि दोन खात्यांची बेरीज, तिन्ही शेजारी शेजारी लावल्या. पालकांनी रंगवून घेतलेला 'सिद्ध होतो' हा शब्द कागद चिकटवून झाकावा लागला. त्यावरून थोडी कुरबूर झाली.

क्रमांक आला नाही. एका परीक्षकांनी विचारलं की 17.8 आणि 18.0 जुळत नाहीत तर तसं मांडलंत कशाला. टिकलीवाल्या मुलीने पट्टी काढून 1 मिलिमीटर म्हणजे 0.6 हे समजावून सांगितलं. ते हसले आणि पुढे गेले. त्यांना पटलं की नाही, आम्हाला कळलं नाही.

पुढच्या चाचणीत मी एक गणित घातलं, ज्यात टकरीनंतर दोन वस्तू दोन बाजूंना तिरप्या जातात आणि आलेख कागदावर ठिपके दिले आहेत. वर्गातल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांनी दोन खाती वेगळी मांडली. बाकीच्यांनी अजूनही तिरप्या वाटेवर पट्टी ठेवली. दोन तासांच्या नाट्यानंतरही एवढेच. हेही नोंदवून ठेवलेलं बरं.

खोट्या तक्त्याचं काय केलं? वहीतलं पान फाडू दिलं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायला लावली, खालचे आकडे दिसतील अशी, आणि मागच्या कोऱ्या पानावर खरी वाचनं लिहून घेतली. गुण कापले नाहीत. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की हे म्हणजे लबाडीला बक्षीस. मला ते पूर्ण खोडता आलेलं नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

गुण न कापण्याचं कारण माझ्याच गुणदान पद्धतीत होतं. प्रयोगाच्या 10 पैकी 4 गुण मी 'निष्कर्ष' या रकान्याला देत आले होते, आणि निष्कर्ष जुळला की 4, नाही जुळला की 1. मुलांनी आकडे बदलले ते आळशीपणाने नव्हे. तीनदा मोजूनही जुळेना, आणि जुळण्यालाच किंमत आहे हे त्यांना माहीत होतं म्हणून. आता त्या चारांपैकी दोन गुण कच्च्या वाचनांना आहेत आणि दोन 'फरक किती, आणि तो पट्टीच्या चुकीत बसतो का' याला.

पण मुलांशी खोट्या तक्त्याबद्दल मी पुरेसं बोलले नाही, हेही खरं. वर्गासमोर तो झाकला तो त्यांची लाज राखायला. त्यामुळे उरलेल्या 34 मुलांपर्यंत निम्मीच गोष्ट पोचली. त्यांच्या दृष्टीने हे एका चुकलेल्या बेरजेचं कोडं होतं. आज असतं तर मी गटाला स्वतःहून सांगायचं का, हे निदान विचारलं असतं. सक्ती केली नसती. चौघांमध्ये एक गप्प राहिली होती, आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

शिकवण्याचा क्रम मात्र नक्की बदलेन. सरळ टक्कर आधी आणि तिरपी 'पुढच्या इयत्तेत' हा क्रम सोपा वाटतो, पण त्यात दिशा ही उणे चिन्हाएवढीच उरते. आता पहिल्याच तासाला स्ट्रायकर बाजूला ठेवून सोंगटीने सोंगटीला मारायला लावते. दोन्ही सारख्या वजनाच्या. सरळ बसली तर मारणारी जवळजवळ जागच्या जागी थांबते आणि दुसरी निघून जाते. कट बसला तर दोघी काटकोनाच्या आसपास फाकतात. कोन नव्वदपेक्षा थोडा कमीच भरतो, कारण टक्कर पूर्ण स्थितिस्थापक नसते, म्हणजे तिच्यात थोडी गतिज ऊर्जा गळतेच. कॅरम खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाताला हे ठाऊक असतं. सूत्र त्यानंतर येतं आणि मग त्याला धरायला काहीतरी असतं.

'पडताळा' आणि 'सिद्ध करणे' हे शब्दही प्रयोगांच्या शीर्षकातून काढले आहेत. शीर्षकातच उत्तर छापलं की मुलं प्रयोग करत नाहीत, उत्तराकडे जाणारी वाट झाडून काढतात.

एक प्रश्न गटाने स्वतःहून पुढे नेला. स्ट्रायकर कडेवर आपटून परत येतो तेव्हा उजवीकडचं खातं एकदम उणे होतं. तिथे खाणारं दुसरं कोण? त्यांनी बुटाच्या खोक्याचं झाकण गोट्यांवर ठेवलं आणि आत स्ट्रायकर सोडला. स्ट्रायकर कडेला लागला तसं झाकण पुढे सरकलं. मग कॅरमबोर्ड का सरकत नाही, म्हणून बोर्ड कांद्याच्या वखारीतल्या काट्यावर नेला. 9 किलो भरला. स्ट्रायकर 18 ने गेला आणि 14 ने परत आला, तर बोर्डाच्या वाट्याला 32 येतात. बोर्ड मोकळा असता तर सेकंदाला साडेतीन मिलिमीटर सरकला असता. पण तो टेबलावर आहे, टेबल फरशीवर, फरशी इमारतीची.

वहीच्या शेवटच्या पानावर तो हिशोब आहे. 'स्ट्रायकर −14, बोर्ड + टेबल + शाळा + ...' आणि पुढे रिकामी जागा. मी खाली तारीख घालून सही केली.